पत्र कल्याणला गेलं आहे

आमच्या मंडळीत जात नव्हती. हे आमच्याकडे इतक्या वेळा सांगितलं जायचं की नवख्या माणसाला संशय यावा. पाळक उपदेशात सांगायचे, पंच प्रार्थनेत सांगायचे आणि माझे बाबा मंडळीचे सेक्रेटरी असल्यामुळे वार्षिक अहवालात लिहायचे. अंबरनाथला तेव्हा आम्हा ख्रिस्ती लोकांची दहा-बारा घरं होती. बहुतेक सगळे नगरकडून आलेले आणि बहुतेक सगळे कारखान्यात लागलेले. चर्चची इमारत नव्हती. रविवारी एका प्राथमिक शाळेची खोली मिळायची आणि पहिलीच्या मुलांच्या बाकांवर आमची थोर मंडळी गुडघे हनुवटीला टेकवून बसायची.

जात विचारायची नाही असा नियम होता, म्हणून आम्ही दुसरं काहीतरी विचारायचो. "मूळ गाव कोणतं?" मग "गावात घर कुठल्या अंगाला?" आणि शेवटी, अगदी भक्तिभावानं, "तुमच्या आजोबांना बाप्तिस्मा कोणत्या पाळकांनी दिला?" एवढ्यात समोरचा माणूस पुरता कळायचा. आम्ही ज्या जातीतून ख्रिस्ती झालो तिच्या खाली गावात एकच जात उरत होती. तिच्यातलेही लोक ख्रिस्ती झाले, ही गोष्ट आमच्या वाडवडिलांनी मिशनच्या साहेबांना कधी माफ केली नाही. अर्थात हे अहवालात नसायचं.

मंडळीचा सगळा कारभार एका माणसाच्या हातात होता. त्यांना सगळे मोठे पंच म्हणायचे. कारखान्याच्या स्टोअरमध्ये ते सुपरवायझर होते, आणि स्टोअरमधून खिळा बाहेर जायचा तरी त्यांची सही लागायची. त्यांना वाटायचं की देवाच्या राज्यातही तशीच व्यवस्था असणार. दर बुधवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी घरसभा भरायची. गोल बसायचं, गीत म्हणायचं, मग एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची. मोठ्या पंचांनी देवाकडे कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही. ते देवाला माहिती पुरवायचे.

"हे दयाळू बापा," ते डोळे घट्ट मिटून म्हणायचे, "गेल्या शनिवारी जी तरुण मुलगी मैत्रिणींच्या नादी लागून कल्याणला सिनेमाला गेली, तिच्या आईला तू जागं कर."

ती आई तिथेच बसलेली असायची. पण प्रार्थना चालू असताना मध्ये बोलता येत नाही, ही सोय पंचांनी बरोबर हेरली होती. बाईला बिचारीला आपली पाळी येईपर्यंत दात-ओठ खात थांबावं लागायचं. मग ती म्हणायची, "बापा, ज्यांना स्वतःच्या घरातलं दिसत नाही त्यांना दृष्टी दे." त्यावरही सगळे एकमुखानं आमेन म्हणायचे. आमच्याकडची भांडणं अशी आमेनवर संपायची आणि पुढच्या बुधवारी पुन्हा देवाच्याच साक्षीनं सुरू व्हायची.

मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि स्वतःला फार समजत होते. उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, म्हणजे प्रभुभोजन, पहिल्यांदा घेण्याआधी मुलांना एक वर्ग करावा लागे. आमचा वर्ग बाबा घ्यायचे, रविवारी दुपारी, आमच्याच ओटीवर. आम्ही तीन मुली होतो. बाकीच्या दोघी अडखळायच्या आणि मी त्यांच्याकडे दयेनं पाहायचे. "तू कोण आहेस?" बाबा विचारायचे. "मी देवाचं लेकरू आहे," मी खाडकन सांगायचे. "कशावरून?" मग मी कारणं सांगायचे, क्रमानं, श्वास न घेता. देवानं मला पोपट म्हणून जन्माला घातलं असतं तर मी त्याला जास्त शोभले असते.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती आली.

उल्हासनगरला सगळे तेव्हा कॅम्पच म्हणत. सिंध्यांची ती बराकींची वस्ती आमच्या अगदी शेजारी होती. त्या कॅम्पात ती संडास साफ करायची. नवऱ्याबरोबर नगरकडच्या एका लहान गावातून आली होती. उपासना सुरू झाल्यावर ती दारातून आत आली. केस ओले, लुगडं धुऊन धुऊन विरलेलं पण स्वच्छ. मागचं बाक रिकामं होतं, तरी ती खाली जमिनीवर बसली. गीत मात्र तिनं पुस्तकाशिवाय म्हटलं, सगळी कडवी, आणि आमच्यापेक्षा सुरात.

उपासना संपल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला आणि बाबांपुढे धरला. ते मंडळीचं पत्र होतं. आमच्याकडे रीत अशी की माणूस एका गावची मंडळी सोडून दुसरीकडे गेला की तिथल्या पाळकांनी पत्र द्यायचं: हे आमचे चांगले सभासद आहेत, यांना तुमच्यात घ्यावं. नव्या मंडळीत ते पत्र उभं राहून वाचायचं, पाळकांनी त्या माणसाचा उजवा हात हातात घ्यायचा, की तो आमच्यातला झाला. तोवर त्याला प्रभुभोजन मिळत नाही. आम्ही अंबरनाथला आलो तेव्हा आमचं पत्र त्याच रविवारी वाचलं गेलं होतं.

"दोघांची नावं हायेत," ती म्हणाली. "मालक आजारी हाय, छातीचं. उठवत न्हाई त्यास्नी. दोन सालं झाली, प्रभूचं भोजन तोंडात पडलं न्हाई. पाळकसायेब घरी येतील का द्यायला? लई दिस न्हाईत राहिलं त्यांचं."

इतकंच तिचं मागणं होतं. नवऱ्यानं मरायच्या आधी एक तुकडा भाकर आणि एक घोट द्राक्षारस, पाळकांच्या हातून. प्रभुभोजन द्यायचा अधिकार फक्त पाळकांना, आणि पाळक कल्याणहून महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचे. आजाऱ्याच्या घरी ते जात, पण तो मंडळीचा सभासद असेल तरच. म्हणजे सगळं त्या कागदावर अडलं होतं.

बाबांनी पत्र उघडलं. गावाचं नाव वाचलं, सही करणाऱ्या पाळकांचं नाव वाचलं आणि कागद मोठ्या पंचांकडे दिला. पंचांनी वाचला. आमचे नेहमीचे प्रश्न विचारायची गरजच पडली नाही. पत्रात सगळी उत्तरं आयतीच होती.

"सही तपासून घ्यावी लागेल," मोठे पंच म्हणाले. "हल्ली कुणीही उठतं आणि पत्र घेऊन येतं."

जणू अंबरनाथच्या शाळेतल्या बाकांवर बसायला मिळावं म्हणून देशभर खोट्या पत्रांचा सुळसुळाट झाला होता! बाबांना हे कळत नव्हतं असं नाही. ते कारखान्यात हेडक्लार्क होते, इंग्रजी पत्रातली चूक त्यांना दुरून दिसायची. पण मोठ्या पंचांपुढे ते मूग गिळून बसायचे आणि त्याला नम्रता म्हणायचे. त्यांनी ते पत्र घरी आणलं आणि पत्र्याच्या ट्रंकेत प्रभुभोजनाच्या मेजावरच्या पांढऱ्या कापडाखाली ठेवलं.

"ती बाई विचारायला आली," ते मला म्हणाले, "तर सांग, पत्र तपासायला कल्याणला गेलं आहे."

ती चार दिवसांनी आली. काम उरकून, हातपाय धुऊन, ओटीच्या खाली उभी राहिली. ओटीवर चढली नाही आणि मीही चढा म्हटलं नाही.

"ताई, वाचलं का पत्र?"

"कल्याणला गेलंय," मी म्हणाले.

"कल्यान काय लांब हाय? म्या चालत जाते, घिऊन येते."

हे मला कुणी पढवलं नव्हतं. पण मी हुशार होते. "तसं नसतं," मी म्हणाले. "तिथे मोठं ऑफिस आहे. सगळ्यांची पत्रं नंबरानं तपासतात." हे ऑफिस मी उभ्या उभ्या बांधलं. तिनं मान हलवली. ऑफिस, नंबर, तपासणी हे तिला पटण्यासारखंच होतं, कॅम्पात सगळं तसंच चालायचं. ती गेल्यावर आईनं आतून विचारलं, "काय सांगितलंस?" मी सांगितलं. आईनं जेवताना ते बाबांना सांगितलं आणि बाबा हसले. पोरगी तयार आहे, असं काहीतरी म्हणाले.

मे गेला, जून गेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती न चुकता यायची. उपदेश संपला की सभासद नसलेल्यांनी बाहेर जायचं अशी पद्धत होती. लहान मुलं बाहेर पळायची आणि त्यांच्याबरोबर ती उठायची. ती वऱ्हांड्यात, दाराच्या चौकटीला लागून उभी राहायची. आत पाळक भाकर मोडायचे, प्याला उचलायचे, ठरलेले शब्द म्हणायचे. मलाही वर्ग पुरा होईपर्यंत बाहेर जावं लागायचं, त्यामुळे मी तिला पाहायचे. तिचे ओठ हलायचे. मला वाटायचं ती पुटपुटते आहे, अडाणी बायका पुटपुटतात तसं. मी खिडकीच्या गजाला लटकून आत कोण किती मोठा घोट घेतं ते बघत असायचे.

प्याल्याबद्दल थोडं सांगायला हवं. मुंबई राज्यात तेव्हा दारूबंदी होती, त्यामुळे द्राक्षारस हा आमच्याकडे आईच्या स्वयंपाकघरात व्हायचा. आदल्या दिवशी ती काळ्या मनुका उकळायची, कुसकरायची आणि मलमलच्या फडक्यातून गाळायची. तो काळपट, गोड, किंचित तुरट रस एका मोठ्या प्याल्यात ओतायचा. प्याला पूर्वी कधी एका मिशनच्या मडमेनं दिलेला होता. तो एकच प्याला ओळीनं सगळ्यांच्या ओठांना लागायचा. पाळक कड पुसून जरासा फिरवायचे की झालं. मोठ्या पंचांना बारा महिने खोकला असायचा आणि ते सगळ्यांत पहिले प्यायचे. त्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नव्हता.

जुलैत घरसभा आमच्याकडे होती. बाहेर पाऊस लागलेला, ओटीवर छत्र्यांचा ढीग. गीत चालू असताना ती दारात येऊन उभी राहिली. घरसभेला या म्हणून तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण येऊ नका असंही कुणी सांगितलं नव्हतं, कारण आमच्यात जात नव्हती. आईनं तिला उंबऱ्याच्या आत गोणपाट टाकून दिलं.

प्रार्थना एकेकाकडून पुढे सरकत तिच्याजवळ आली. मोठ्या पंचांनी बाबांना कोपरानं खूण केली, म्हणजे बाबांनी चटकन शेवटचा आशीर्वाद म्हणून सभा संपवावी. पण त्यांचे स्वतःचेच डोळे मिटायचे असल्यामुळे खूण करायला त्यांना जरा उशीर झाला. ती बोलायला लागली होती.

"देवा बापा," ती म्हणाली, "तुला समदं ठावं हाय. मालकाला रातच्याला धाप लागती. त्यो इचारतो, मी देवाचं लेकरू हाय का न्हाई. म्या म्हनते, हाय. त्यो म्हनतो, मंग बाहीर का ठिवलंय. देवा, आमचं पत्र वाचायला लाव. आमेन."

आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. जन्माची सवय! पंधरा-सोळा माणसांनी, मोठ्या पंचांसकट, मान खाली घालून, खणखणीत आवाजात, तिचं पत्र वाचलं जावं अशी देवाला विनंती करून टाकली. डोळे उघडल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. मोठ्या पंचांचा चेहरा इतका लाल झाला की मला हसू आवरेना आणि मी पाणी प्यायला आत गेले. इतकी छोटी प्रार्थना आमच्या घरात त्याआधी कुणी केली नव्हती.

नंतर चहा झाला. आईनं तिला चहा दिला, तोही भरपूर दूध घालून. दिला तो मात्र कडेला टवके उडालेल्या मगात. तो मग मोरीत असायचा, केस धुताना पाणी घ्यायला. ती गेल्यावर आईनं तो राखेनं घासला आणि परत मोरीत ठेवला. माझी आई प्रेमळ होती असं सगळे म्हणायचे, आणि ती होतीही. कुणाच्याही बाळंतपणाला धावून जायची. पण तो मग तिनं कपबशांच्या फळीवर नाही ठेवला.

आता आमेन म्हटल्यावर पंचाईत झाली. देवापुढे सगळ्यांनी कबुली दिलेली. पत्र वाचायला तर हवं, आणि पत्र वाचलं की ती आत येणार, आणि प्याला एक. कमिटी आमच्याच घरी बसली. मी दाराआडून ऐकत होते.

"प्रश्न जातीचा नाही," मोठे पंच म्हणाले. "आपल्यात जात नाही. प्रश्न आरोग्याचा आहे. घरात क्षय आहे."

मग त्यांनी तोडगा सांगितला. परदेशातल्या मंडळ्यांमध्ये म्हणे आता एक प्याला वापरत नाहीत. प्रत्येकाला स्वतंत्र, लहानसा पेला असतो. आपणही तसे पेले आणावेत. प्रत्येकाचा वेगळा, म्हणजे कुणाचाच वेगळा नाही. सगळे एकमेकांकडे बघून समाधानानं हसले. असा तोडगा सुचायला माणूस खरोखर प्रार्थनाशील असावा लागतो.

पेले आणायचं काम बाबांवर आलं. मी हट्ट करून बरोबर गेले, कारण कॅम्पातल्या बाजारात जायला मला आवडायचं. सिंध्यांनी बराकींच्या पुढ्यात दुकानं काढली होती. तिथे कापडापासून कुलपापर्यंत सगळं मिळायचं, आणि गिऱ्हाइकाला आधी सरबत पाजायचे. बाबा रविवारचा कोट घालून एका काचसामानाच्या दुकानात गेले आणि हातानं माप दाखवत म्हणाले, "इतने छोटे गिलास चाहिए. दो डझन."

दुकानदारानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साईं, पार्टी है?"

"नहीं, नहीं. चर्च के लिए."

"हां साईं," तो समजूतदारपणे म्हणाला. "कोई दवाई के लिए बोलता है, आप चर्च के लिए बोलो. हमको क्या."

बाबा त्याला समजावत राहिले आणि तो मान डोलवत राहिला. शेवटी त्यानं पेले पेंढ्यात बांधले, पिशवीत घातले आणि कुणाला दिसू नये म्हणून आपणहून वर मेथीची जुडी ठेवली. रस्त्यात हवालदार दिसला तेव्हा बाबांनी, ज्यांनी आयुष्यात दारूचा थेंब चाखला नव्हता, पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मला ते फार गमतीचं वाटलं.

परत येताना आम्ही एका बराकीच्या मागून आलो. तिथे पत्रे आणि गोणपाट लावून केलेल्या खोपटांची रांग होती. आतून कुणीतरी खोकत होतं, थांबून थांबून.

"त्या बाई इथेच राहतात ना?" मी विचारलं.

"उशीर होतोय," बाबा म्हणाले आणि भराभर चालू लागले.

पेले आले तरी ते नुसते मेजावर ठेवणं बरं दिसेना. म्हणून मोठ्या पंचांनी भोकं पाडलेला एक लाकडी ट्रे करवून घ्यायचं ठरवलं. त्यांच्या ओळखीच्या सुतारानं तो केला. मग त्याला पॉलिश हवं. पावसाळी हवेत पॉलिश वाळेना. ऑगस्टचा पहिला रविवार त्यात गेला. ती ओटीखाली येऊन विचारायची आणि मी सांगायचे, आता अगदी थोडे दिवस. कल्याणच्या ऑफिसातून पत्र सुटलंय, असंही एकदा सांगितलं. एक माणूस खोपटात मरायला टेकलेला आणि आमची मंडळी पॉलिश वाळायची वाट बघत होती. हे मी आज लिहिते आहे; त्या वेळी मात्र मलाही ट्रे कसा दिसेल याचीच उत्सुकता होती.

सप्टेंबरचा पहिला रविवार उजाडला. पाळक आले. ते गरीब स्वभावाचे होते, म्हणजे जेवायला ते मोठ्या पंचांकडे जायचे. ट्रे मेजावर चमकत होता, चोवीस पेल्यांत आईचा रस भरलेला. बाबांनी ट्रंकेतून आणलेलं पत्र उलगडलं आणि भारदस्त आवाजात वाचलं. दोघांची नावं आली. पाळक उजवा हात पुढे करून उभे राहिले.

मागून कुणी उठलं नाही. ती आलीच नव्हती.

पाळकांनी हात थोडा वेळ तसाच ठेवला, मग उपरण्यात घेतला. मोठे पंच पुटपुटले, "बघा, यांच्यासाठी इतकं करावं आणि यांना किंमत नाही." नंतर त्यांनी प्रार्थना केली, त्यात देवाला नव्या पेल्यांची साद्यंत हकीकत सांगितली. आजाऱ्याकडे जायचं का, असं बाबांनी पाळकांना विचारलं. पाळक म्हणाले, आधी निरोप तर देऊन या, मला तीनची गाडी आहे, पुढच्या महिन्यात नक्की. बाबा निरोप द्यायला निघाले आणि मी बरोबर गेले.

खोपटाच्या पुढची जागा ती झाडत होती. स्वतःच्याच दारातली, खराटा घेऊन, सावकाश. बाज उभी करून पत्र्याला टेकवलेली होती आणि तिच्या दोऱ्या मोकळ्या केलेल्या होत्या. बाबांना तिथेच कळलं असणार. तरी जो निरोप सांगायला आले होते तो त्यांनी सांगितला.

"आज पत्र वाचलं."

"बेस झालं," ती म्हणाली. "मालक बेस्तरवारी गेलं."

"कळवायचं होतं आम्हाला."

"पत्र कल्यानला व्हतं न्हवं?" ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला खरंच वाटत होतं की पत्र परत आल्याशिवाय आम्हाला बोलवायचा तिला हक्क नाही. शेजारच्या सिंधी माणसांनी खांदा दिला होता. ओढ्यापलीकडच्या मोकळ्या जागेत त्यांनी खड्डा खणायला मदत केली, आणि वर काय म्हणायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून तिनंच गीत म्हटलं होतं.

मग ती माझ्याकडे वळली.

"ताई, तुमी त्या वर्गाला बसता. तुमाला समदं ठावं आसंल. एक इचारू?"

मी मान हलवली.

"बुधवारी त्यास्नी लईच झालं. म्हनाले, आता पाळक येत न्हाईत, तूच दे. म्या काय करनार? अर्दी भाकर व्हती, ती मोडली. शेजारनीनं चा दिलेला, त्योच वाटीत घेतला. त्या वऱ्हांड्यात हुबी ऱ्हाऊन पाळकांचं बोलनं आयकलेलं, त्येवढं समदं म्हनलं. यक शब्द सोडला न्हाई. त्यांनी खाल्लं, पिलं, आमेन म्हनलं. मंग निवांत पडलं. म्हनाले, आता आत घेतलं बघ." ती थांबली. खराटा तिनं दोन्ही हातांत धरला होता. "चाललं ना, ताई? देवाला चाललं आसंल ना?"

बाबा काही बोलतील म्हणून मी थांबले नाही. मला उत्तर येत होतं.

"नाही," मी म्हणाले. "ते पाळकांनीच द्यावं लागतं. पाळकांशिवाय दिलं तर ती नुसती भाकरी आणि नुसता चहा."

तिनं ते ऐकून घेतलं. रडली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली, मोठं माणूस लहान मुलाकडे बघतं तशी नव्हे, ऑफिसातल्या माणसाकडे बघावं तशी.

"आसंल तसं," ती म्हणाली. "बरं झालं, त्यास्नी कुनी सांगितलं न्हाई."

मग ती वाकली आणि उरलेली जागा झाडू लागली. आम्ही निघालो. ती पुन्हा आमच्या उपासनेला आली नाही, आणि बाबांनी त्या वर्षीच्या अहवालात नव्या सभासदांची संख्या मात्र दोनानं वाढवून लिहिली.

बाबांनाही काही वाटलं असेल. ते पुढे पुढे चालले आणि ओढा ओलांडल्यावर माझ्यासाठी थांबले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उत्तर बरोबर दिलंस. एक अक्षर चुकलं नाही."

त्या उत्तराची मला जितकी लाज वाटते तितकी आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटलेली नाही. देवाचं लेकरू म्हणवून घ्यायची वेळ आली की अजून माझी जीभ अडते. पण ही लाज फार पुढची आहे, माझी स्वतःची माणसं आजारी पडून मरायला लागल्यावरची. त्या दुपारी तसलं काही वाटलं नव्हतं. त्या दुपारी बाबांनी शाबासकी दिली म्हणून मला आनंद झाला होता, आणि तो घरी पोचेपर्यंत टिकला.